एका चुलीचा रक्तदाब

माझ्या नावावर आजवर जे काही छापून आलं, त्यातला सगळ्यांत नावाजलेला लेख चुकीचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको, की डॉक्टरसाहेबांनी फसवलं. मी कोणाला फसवलं नाही. मी फक्त पाहिलं नाही. यातलं जास्त वाईट काय, हे ठरवायला मला काही दिवस लागले, आणि तेवढ्या दिवसांत माझा स्वतःचा रक्तदाब गोळी सुरू करावी इतका चढला होता.

गोंदिया वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचा भंडारा जिल्हा निम्मा उरला होता आणि मी नागपूरला एमडी करत होतो. एमडीला प्रबंध लागतो. माझ्या सोबतचे शहाणे होते. वॉर्डात पडलेल्या पेशंटांचे कागद चाळून ते सहा महिन्यांत मोकळे झाले. मला मात्र काहीतरी वेगळं करायचं होतं. घराण्यातला पहिला डॉक्टर असल्यामुळे ही खाज मला जरा जास्तच होती. मी ठरवलं, आपलंच गाव घ्यायचं. घराघरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजायचा, आणि हृदयाचा आजार घरात कसा शिरतो ते जगाला दाखवायचं. जग माझी वाटच पाहत होतं, अशी माझी समजूत होती.

गाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या अंगाला. कोंढ्याला एसटीतून उतरून पुढे सायकलनं जावं लागे. वडील मास्तर होते. मी दहा वर्षांचा असताना त्यांची बदली भंडाऱ्याला झाली आणि आमचं बिऱ्हाड उठलं. गावात राहिली ती मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले. तेव्हापासून घर, दोन एकर धान आणि निम्मं गाव तीच चालवत होती. सरपंच कोणीही असो, विहाराची किल्ली तिच्याकडे असायची.

मी राशनकार्डांवरून नावं आणि वयं उतरवून पक्कं रजिस्टर तयार केलं, घरागणिक एक पान, आणि ते तिच्यापुढे ठेवलं. तीन दिवसांचं शिबिर, विहाराच्या ओसरीत. ती रजिस्टराकडे न पाहता माझ्याकडेच पाहत राहिली.

"आत्ता?" ती म्हणाली. "रोवणे सुरू आहेत ना बापा. आत्ता गाव घरी कुठं राहते?"

धानाची रोवणी म्हणजे सकाळी अंधारात बाया चिखलात उतरतात त्या दिवेलागणीला वर येतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी विसरलो होतो. नागपूरच्या होस्टेलात पाच-सहा वर्षं राहिलं, की भात ताटात उगवतो असं वाटायला लागतं.

"मोठी माय, मला एवढीच सुट्टी आहे," मी म्हणालो. "आणि एकूण एक माणूस आला पाहिजे. एक जरी राहिला, तरी माझा प्रबंध बुडाला म्हणून समज."

"एकूण एक?"

"एकूण एक."

तिनं रजिस्टर उलटंपालटं केलं. वाचता येत नव्हतं तिला, पण पानं किती आहेत हे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, "होऊन जाईन."

आणि झालं. तीन दिवसांत रजिस्टरातली एकूण एक नावं बसली. दोन टेबलं मांडली होती. एकावर मी, दुसऱ्यावर माझा वर्गमित्र. तो पुण्याकडचा, गावात कोणालाच ओळखत नव्हता. माझ्या नात्यागोत्यातली सगळी माणसं मी मुद्दाम त्याच्या टेबलाकडे पाठवली. शास्त्रात आपपरभाव नको! हे वाक्य मी ओसरीत मोठ्यानं बोललोही होतो. पुढे याच वाक्यानं माझं नाक कापलं, म्हणून ते लक्षात आहे.

काम असं चालायचं: मोठी माय दारात उभी राहून नाव पुकारायची. कोणीतरी येऊन बसायचं. मी शिंप्याच्या टेपनं दंडाचा घेर मोजायचा, कारण जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. मग पट्टा गुंडाळायचा, नळ्या कानात घालायच्या आणि पाऱ्याकडे पाहायचं. पदर डोक्यावर, मान खाली, हात टेबलावर. मी हात पाहिले, पारा पाहिला, रजिस्टर पाहिलं. तोंड एकाचंही पाहिलं नाही.

माझे गाइड आकडे पाहून खुर्चीत पुढे सरकले. "एकही गैरहजर नाही? खेड्यात? रोवणीच्या दिवसांत?"

"गावाचं प्रेम आहे, सर," मी म्हणालो.

ते प्रेमच होतं. हे मी खोटं बोललो नव्हतो.

त्या आकड्यांतून जे निघालं, त्यानं मी दोन दिवस जेवलो नाही. सासू आणि सून यांचा रक्तदाब जवळपास सारखा! एका घरी नाही, घरोघरी. साठीची सासू आणि विशीतली सून, रक्ताचं नातं नाही, एक कोंढ्याची तर दुसरी साकोलीकडच्या एकोडीची, आणि पारा मात्र एकाच रेघेवर. जावाजावांचं तेच. मग त्यांच्यात समान काय? चूल. एका चुलीवरचं मीठ, एका चुलीवरची चिंता. आजार रक्तातून येतो असं जग म्हणत होतं आणि मी म्हणालो, चुलीतून येतो. हृदयरोगाच्या एका परदेशी मासिकानं तो लेख घेतला. लेखकांच्या यादीत मी, माझा मित्र, गाइड आणि विभागातले आणखी चारजण, लग्नपत्रिकेत नावं घालतात तसे.

वाचणाऱ्यांत डॉक्टर नसलेले पुष्कळ असतील, म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात लेख छापून येणं हे अर्धं काम. दुसऱ्या कोणी आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला दिला, तर तुम्ही आहात. नाही दिला, तर नाही. त्या हवाल्याला साइटेशन म्हणतात आणि कोणाला किती मिळाले याचा आकडा कॉम्प्युटरवर सगळ्या जगाला दिसतो. पुढे बारा-तेरा वर्षांत मी आणखीही लेख लिहिले. हृदयाच्या झडपांवर लिहिलं, छातीत दुखण्यावर लिहिलं. ते लेख माझ्या सख्ख्या विद्यार्थ्यांनीही वाचले नसतील. पण त्या चुलीच्या लेखाचा आकडा चढतच गेला. ब्राझीलच्या माणसानं हवाला दिला, जपानच्या बाईनं दिला. कुठल्याशा मीठ कमी खा मोहिमेच्या पुस्तिकेतही तो आला. लोक सकाळी उठून दूध तापवतात. मी आधी आकडा पाहायचो.

"चढला का ताप?" बायको विचारायची.

मोठ्या मायचाही आकडा त्याच रजिस्टरात होता. फार सुंदर आकडा होता. ती मधूनमधून फोनवर म्हणायची, "डोक्यात भनभन करून राहिलं रे," किंवा धानाच्या शेतातून आल्यावर, "काल बांधीवर भोवळ आल्यासारखं झालं." मी हसून म्हणायचो, "मोठी माय, तुझं प्रेशर विशीतल्या पोरीसारखं आहे. ऊन लागलं असेल, पाणी पी." मी स्वतः संशोधन केलेलं. दुसऱ्या डॉक्टरला काय विचारायचं?

मग प्राध्यापकपद निघालं. महिन्याभरानं मुलाखत होती. आमचे विभागप्रमुख माझ्या अर्जावर बोट ठेवून म्हणाले, "बाकी सगळं पालापाचोळा आहे. हा एक लेख आहे, त्यावर तुम्ही प्राध्यापक व्हाल." त्याच आठवड्यात एका थंड देशातल्या विद्यापीठातून एका बाईंचं पत्र आलं, ईमेलनं. त्या जगभरातल्या खेड्यांतले असे अभ्यास एकत्र करत होत्या. तुमचा अभ्यास विलक्षण आहे, मूळ नोंदी मिळतील का?

विलक्षण! एवढ्या शब्दावर मी पुरता गेलो. त्यांनी मागितल्या होत्या रक्तदाबाच्या नोंदी. मी कपाटावरचं रजिस्टर काढून, दोन रविवार खपून, सगळंच टाइप केलं. वय, नातं, तंबाखू, सगळं. आणि दंडाचा घेर. तो रकाना लेखात छापलाच नव्हता. पण माझं काम किती बारीक आहे, हे बाईंना दिसायला नको का?

चार दिवसांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य. एवढी सभ्यता कोणी उगाच करत नाही. त्यांनी लिहिलं होतं, की तुमच्या घराघरातून केवळ रक्तदाब सारखा नाही, तर दंडाचा घेरही अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत सारखा आहे, म्हाताऱ्या सासूचा आणि तरुण सुनेचाही. मीठ दंडाची जाडी कशी सारखी करतं, ते मला समजत नाही. मोजमाप कसं केलं होतं, हे कृपया सांगाल का?

मी रजिस्टर उघडलं. पहिल्या घरी सासू, सून, धाकटी सून: तिघींचा दंड एकच. दुसऱ्या घरी दोन जावा: एकच. तेरा वर्षं ते पान माझ्याकडे होतं. ते मी प्रबंधासाठी वाचलं, लेखासाठी वाचलं, परवा टाइप करताना वाचलं. छातीत धडधडायला लागलं. मी स्वतःच स्वतःला पट्टा बांधला. वरचा आकडा पाहिला आणि पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हातावर मोजलं.

तरी आशा सुटत नव्हती. कुणी सांगावं, एका चुलीवर जेवून दंडही सारखे होत असतील! मी टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि आधी आईचा दंड मोजला, मग बायकोचा. दोघी बारा वर्षं एका चुलीवर जेवत होत्या.

"काय करून राहिले तुम्ही?" बायको म्हणाली. "ब्लाउज शिवता का आता?"

दोघींच्या दंडांत चार बोटांचा फरक होता. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. बायकोनं गॅस बारीक केला आणि सगळी हकीकत काढून घेतली माझ्याकडून.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. ओपीडीत पेशंटच्या छातीला नळी लावली, की मला माझेच ठोके ऐकू यायचे. मुलाखत पंधरा दिवसांवर. लेख गेला तर पद गेलं, आणि नुसतं पद नाही. "आकडे बनवले" असं कोणी म्हणालं तर पुढे माझ्या प्रिस्क्रिप्शनवरही कोणी विश्वास ठेवला नसता. आणि काय झालं असेल, हेही मला कळत नव्हतं. मी आकडे बनवले नव्हते, हे मला माहीत होतं. पण ते मला कोणी दिले होते?

अशात मला एक वाट सुचली. मधल्या काळात गोसीखुर्दच्या धरणात आमच्या गावाची जागा पाण्याखाली गेली होती. मी बाईंना उत्तर लिहायला घेतलं: ज्या गावात हा अभ्यास झाला, ते गाव मोठ्या धरणाच्या जलाशयात बुडालं असून, तिथे जाऊन पडताळणी करणं आता शक्य नाही, याबद्दल खेद वाटतो. वाचून पाहिलं. एकेक शब्द खरा होता! तलाठ्यानं शिक्का मारून दिला असता इतका खरा. माझ्या आयुष्यातलं इतकं निर्दोष इंग्रजी मी कधी लिहिलं नव्हतं.

बायकोनं मागून वाचलं. "आन् माणसं?" ती म्हणाली. "तेही बुडाले का?"

मी ते उत्तर पाठवलं नाही. पुसलंही नाही. तसंच ठेवलं, अडल्यानडल्याला असावं म्हणून, आणि शनिवारी पहिल्या बसनं भंडाऱ्याला आणि तिथून पवनीच्या गाडीत बसलो. पिशवीत रजिस्टर आणि रक्तदाबाचं यंत्र होतं. रस्ताभर मी मनात दोन उत्तरं जुळवत होतो, एक गावानं काही कबूल केलं तर आणि एक नाही केलं तर. दुसरं उत्तर जास्त छान जुळत होतं.

नवं गावठाण सरळ रेघेत आहे. घरांना नंबर, रस्ते काटकोनात, लिंबाची झाडं अजून पोराएवढी. जुन्या गावात मी डोळे मिटून घर शोधलं असतं. इथे दोनदा चुकलो. मोठी माय पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. केस पिकले होते, आवाज तसाच.

"काहून रे, असा अचानक? तब्येत बरी ना? तोंड कायले उतरलं?"

मी जयभीम केला आणि रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं, तेव्हा ठेवलं होतं तसं. "मोठी माय, ते शिबिर आठवते? विहारातलं?"

"न आठवाले काय झालं? सगळं गाव बसवलं ना तुझ्यापुढं."

"सगळं गाव? रोवणीत?"

ती सूप थांबवून माझ्याकडे पाहायला लागली. मला वाटलं आता चोरी पकडल्यासारखा चेहरा होईल. तसं काही झालं नाही. उलट ती खुशीत आली. इतक्या वर्षांनी कोणीतरी तिच्या कर्तबगारीची चौकशी करत होतं.

"सगळं कुठून येईन बापा? अर्धं गाव चिखलात होतं. घरी जे होते, म्हातारे, बाळंतिनी, तापानं पडलेले, तेच बसवले मी फिरून फिरून. तुमच्या घरचे चार नावं आहेत ना, मंग तू चारदा बस. एकदा ह्या टेबलावर, एकदा त्या टेबलावर. लुगडं बदलून येजो म्हणून सांगतलं होतं मी एक-दोघींले."

"लुगडं बदलून!"

"तं काय! तुझा तो दोस्त चष्मेवाला होता. त्याले काई समजत नव्हतं, पण मी म्हटलं, उगाच कायले."

मी म्हणालो, "मोठी माय, असं कोणी करते का? एकीच्या जागी दुसरी?"

आता ती रागावली. "काहून नाई करत? रोवण्याले काय करते? बोली घराची राहते. तुमच्या घरून एक बाई. मोठी आली का धाकटी आली, कोण पुसते? सून बाळंत आहे तं सासू उतरते, सासूचं गुडघं दुखते तं नणंद येते. घराचा हात आला म्हणजे झालं. अशीच तं चालते दुनिया." मग जरा थांबून म्हणाली, "आन् तूच म्हणला होता, एक जरी राहिला तं मी बुडलो. म्हणला होता का नाई? पोरगं डाक्टर होऊन राहिलं, त्याले मी बुडू देऊ का?"

जगातल्या एका मोठ्या मासिकानं छापलेला शोध असा होता, की एकाच माणसाचा रक्तदाब त्याच्या स्वतःच्या रक्तदाबासारखा असतो. ब्राझीलनं आणि जपाननं त्याला दुजोरा दिला होता.

एकाएकी मला दुसरंच आठवलं. "आणि गोळ्या? ज्यांचं जास्त निघालं, त्यांना मी नावानं गोळ्या दिल्या होत्या. त्या भलत्यांनीच..."

"हॅ! ज्याचा हात त्याच्या गोळ्या. मी सांगूनच ठेवलं होतं. आमी का येडे आहो?"

म्हणजे खरं रजिस्टर तिच्या डोक्यात होतं. माझ्या हातात होती ती नुसती वही. मी जरा सैल पडलो. कोणाच्या जिवावर बेतलं नाही. आता प्रश्न फक्त माझ्या नाकाचा. कॉम्प्युटरमधलं ते निर्दोष इंग्रजी पुन्हा डोळ्यांपुढे आलं. पंधरा दिवस. मुलाखत होऊ दे, मग पाहू. मी वही मिटायला लागलो, आणि मिटता मिटता सहज विचारलं, कारण पान आमच्याच घराचं होतं, "आणि तू? तू तर पूर्ण वेळ दारातच होती. तू कधी बसली माझ्या दोस्तापुढं?"

आतून हसू ऐकू आलं. चुलत वहिनी, म्हणजे मोठ्या मायची सून, दाराशी आली, पदराला हात पुसत. "त्या कायच्या बसतात जी भाऊजी? मले बसवलं. माझे दिवस भरत आले होते, मी घरीच होती. एकदा माझ्या नावानं बसली, एकदा त्याईच्या."

मला हसू आलं नाही. विशीतल्या पोरीसारखं प्रेशर. तेरा वर्षं मी फोनवर हेच सांगत होतो, आणि अक्षरशः खरं सांगत होतो. तो हात विशीतल्या पोरीचाच होता. डोक्यातली भनभन मात्र मोठ्या मायची होती.

"हात दे," मी म्हणालो.

"आता कायले?"

"दे म्हटलं ना!"

मी पट्टा बांधला. पट्टा दोनदा निसटला. या वेळी मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. डोळ्यांखाली सूज होती, ती आजची नव्हती. पारा जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. ठोके फार वर सुरू झाले. मी पुन्हा मोजलं. दुसरा हात घेतला. वहिनी हसायची थांबली होती.

"किती?" मोठी माय म्हणाली.

"जास्त आहे."

"तुझ्या त्या कागदात लिहिलं त्याच्यापेक्षा?"

"खूप जास्त आहे, मोठी माय."

ती आपल्या हाताकडे पाहत राहिली, जणू दुसऱ्या कोणाचा असावा. मग म्हणाली, "मंग तो कागद खोटा आहे म्हण."

"हो."

"तं मिटव ना. कायले ठेवतं?"

तिला साइटेशन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, हे बरं झालं. नाहीतर मी तिच्याशी वाद घातला असता.

त्या दिवशी आम्ही तिघं पडवीत बसलो आणि मी रजिस्टराच्या समासात लाल शाईनं लिहीत गेलो. कोणाच्या नावावर कोणाचा हात. तिला एकूण एक आठवत होतं. कोणाची बांधी त्या दिवशी रोवली जात होती, तिथून सुरुवात करून ती घरी कोण उरलं होतं ते सांगायची. मधेच थांबून म्हणायची, "हे गेली बिचारी," आणि मग पुढचं नाव. दुपारी कोंढ्याला जाऊन मी तिच्यासाठी गोळ्या आणल्या आणि सोमवारी तिला भंडाऱ्याला नेऊन हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. पट्टीवर व्हायचं ते थोडंफार झालेलं दिसत होतं. फार नाही, पण तेरा वर्षांचं दिसत होतं. ती पट्टी मी तीस वेळा तरी पाहिली असेल. त्यात माझी सही होती, कोणाला दिसत नसली तरी.

पुण्याकडच्या मित्राला फोन केला. तो आधी पोट धरून हसला, लुगड्याच्या गोष्टीवर तर फारच. मग गंभीर झाला. "अरे पण आत्ताच कशाला? मुलाखत होऊ दे. एक पंधरवडा थांबलं तर विज्ञानाचं काय बिघडतं?"

खरंच काही बिघडलं नसतं. मी दोन दिवस थांबलोसुद्धा. पण गोळी सुरू केल्यावर वहिनी रोज फोनवर आकडा सांगायची, आणि तो आकडा इतका हळू उतरत होता, की त्या दोन दिवसांत मला थांबणं या शब्दाचीच धास्ती बसली. तिसऱ्या दिवशी मासिकाला पत्र लिहिलं, त्या बाईंनाही लिहिलं. दुरुस्त केलेला तक्ता जोडला. रोवणी म्हणजे काय आणि घराचा हात म्हणजे काय, हे इंग्रजीत समजावून सांगायला मला दीड पान लागलं. धरणाचा उल्लेख केला नाही.

मुलाखतीत एका सदस्यानं विचारलं, "तुमचा सर्वाधिक उद्धृत लेख कोणता?"

"मागच्या आठवड्यापर्यंत होता एक, सर."

पुढे मला काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर विभागप्रमुख माझ्यावर इतके तापले, की मला त्यांच्या हृदयाची काळजी वाटली. "मुलाखत ही काय कबुलीजबाब द्यायची जागा आहे?" ते म्हणाले. त्या वेळी पद गेलं ते गेलं. पुढे पुष्कळ वर्षांनी मिळालं, झडपांच्या लेखांवर, जे अजूनही कोणी वाचलेले नाहीत.

लेख मासिकानं मागे घेतला. आता तो उघडला, की प्रत्येक पानावर आडवं लाल अक्षरात "मागे घेतला" असं उमटलेलं दिसतं, कसायानं बकऱ्यावर खूण करावी तसं. आणि गंमत अशी, की आकडा थांबला नाही. काहीजण लाल अक्षरं न वाचताच जुना हवाला देतात. त्यांना मी पत्रं लिहितो, कोणी उत्तर देत नाही. बाकीचे मुद्दाम देतात. खेड्यात माहिती गोळा करताना काय करू नये, हे शिकवायला माझा लेख फार सोयीचा आहे म्हणे. त्या थंड देशातल्या बाईंनी तर माझं दीड पान जसंच्या तसं छापलं आणि माझ्या नावामागे "प्रामाणिक" असं विशेषण लावलं. त्या सभ्यच होत्या. पुसायचं राहिलेलं ते धरणाचं उत्तर त्यांना कुठे माहीत होतं? ते माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून आहे.

मोठ्या मायचा दाब आता आटोक्यात आहे. आटोक्यात आहे असं मी म्हणतो. म्हणजे वहिनी म्हणते. दर रविवारी तिचा फोन येतो. गावात मी एक यंत्र देऊन ठेवलं आहे, आकडा त्यातच दिसतो. आकडा वाईट असला तर भीती वाटते, आणि चांगला असला तर जास्त वाटते.

"थांब वहिनी," मी म्हणतो. "आधी सांग, हात कोणाचा?"

मागून मोठ्या मायचा आवाज येतो, "माझाच आहे म्हणा त्याले! येऊन पाहून जाय म्हणा!"

महिन्यातून एकदा मी जातोच.